आवाज द्यायची जागा

सोयाबीन निघालं की गावाबाहेरचं ते लांबट वावर मोकळं होतं आणि गावातली पोरं तिथे बैल पळवायला आणतात. खरा शंकरपट, म्हणजे बैलजोड्यांची शर्यत, थंडीत. आत्ता नुसता सराव. मी बांधावर निंबाखाली बसतो. माझं तिथे काही काम नसतं. माझ्याकडे आता बैल तर सोडाच, वासरूसुद्धा नाही. पण धुराळा उठला, ढेपेचा, शेणाचा आणि घामेजलेल्या जनावराचा वास आला की घरात बसवत नाही. पलीकडे सातपुडा निळसर दिसत असतो, पोरं मोबाइल उंच धरून शूटिंग करत असतात आणि मी बसून असतो.

खरं तर या दिवसांत मी इथे असायला नको होतं. मी जपानात असायला हवं होतं, मुलाच्या घरी, नातीच्या शाळेतल्या क्रीडा दिनाला. मागच्या वर्षी होतो. यंदा मुलाने बोलावलं नाही. ‘पुढच्या वर्षी बघू, बाबा’ असं तो विमानतळावर म्हणाला होता आणि मी मूर्खासारखा वर्षभर ते धरून बसलो. पासपोर्ट काढून काढून पाहिला, संग्रामपूरला जाऊन नवे बूट घेतले. बायको गेल्यापासून घरात माझ्याशी बोलणारं कुणी नाही. फ्रीज तेवढा मधूनमधून घुरघुरतो. मला त्यांच्याकडे राहायचं होतं, कायमचं. हे मी तोंडाने कधी बोललो नाही, पण त्या घरात प्रत्येकाला ते माहीत होतं.

बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज आला की मी लहान होतो, त्याला इलाज नाही. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, पटाचे भारी नादी. दिवाळी झाली की पटाच्या जोडीची बडदास्त सुरू. भिजवलेली सरकी, उडदाचं पीठ, गूळ आणि वर कच्ची अंडी. आम्हा भावंडांना अंडं दिसायचं ते बैलाच्या तोंडात जाताना. आई आमच्या भाकरीवर तिखटाचा गोळा ठेवायची आणि गोठ्याकडे पाहून म्हणायची, “मांगच्या जल्मी मी बैल काऊन नाही झाली?” दादा हसायचे. आईला हसू यायचं नाही.

सकाळी थंडीत दादा काचेच्या तुकड्याने शिंगं तासत बसत. त्याचा एक करपट वास यायचा, केस जळल्याचा. मग शिंगांना जवसाचं तेल. तेलाचे हात ते आमच्या डोक्याला पुसत आणि आम्ही शाळेत बैलासारखे चकाकत जायचो. आमच्या भागातलं विहिरीचं पाणी खारं, म्हणून जोडीसाठी पाणी नदीवरून आणायचं. ते आणायचो आम्ही, आणि प्यायचो मात्र विहिरीचं. आज हे सांगताना मला राग यायला हवा. येत नाही. उलट ती खारट चव आठवली की तोंडाला पाणी सुटतं.

दादांचं प्रेम अंगावर धावून येणारं होतं. पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला त्यांनी खिळा ठोकलेला असे आणि तो बैलाच्या मांडीत किती जायचा याचा त्यांना हिशेब नसे. शेवटच्या टप्प्यात जोडी मागे पडली तर ते बैलाची शेपटी दातात धरायचे. घरी आल्यावर गुळण्या करायचे आणि त्याच तोंडाने त्याच बैलाच्या कपाळाचा मुका घ्यायचे. आम्हालाही तसंच. आधी फटका, मग जवळ. मधे काही नसायचं.

त्यांची एक पद्धत होती, ती पंचक्रोशीत कुणाकडे नव्हती. ते म्हणायचे, प्रत्येक जोडीची एक जागा असते, तिथे ती ढिली पडते. कुणाची अर्ध्यात, कुणाची शेवटी. मालकाने ती जागा हेरायची आणि पटाच्या दिवशी बरोब्बर तिथे घरचं माणूस उभं करायचं. जोडी आली की त्याने नाव घेऊन आवाज द्यायचा आणि चार पावलं सोबत पळायचं.

“जनावर आपल्या मानसाच्या आवाजावर पयते,” दादा म्हणायचे. “आवाज नाही भेटला तं नुसतं जाते.”

आमच्या जोडीच्या त्या जागेवर मी उभा असायचो, कारण माझा आवाज चिरका होता आणि लांब जायचा. पहिल्या वेळी मी घाबरून पुटपुटलो तर दादांनी सर्वांदेखत कान पिळला. “काऊन बे, घशात बोंड अडकलं का? बोंबल!” तेव्हापासून मी बोंबलायला शिकलो. डावीकडचा बैल हौश्या. लांबून धुळीचा लोट यायचा, त्यात आधी शिंगं दिसायची, मग डोळे. मी “हुर्र हौश्याऽऽ, हाण हाण हाण!” असा सूर लावला की त्याचा माझ्या बाजूचा कान वळायचा आणि मग मागचे पाय जमिनीत रुतायचे. तो कान माझ्यासाठी वळायचा. एवढ्या माणसांत, एवढ्या गलक्यात, माझ्यासाठी. पुढे आयुष्यात मास्तरकी केली, भाषणं केली, बक्षिसं घेतली, पण असा कान माझ्याकडे कुणी वळवला नाही.

एका वर्षी हौश्या गोठ्यात नव्हता. का विकला ते आम्हाला कुणी सांगितलं नाही आणि विचारायची सोय नव्हती. त्याच्या जागी नवा पांढरा बैल आला. पुढच्या पटात हौश्या दिसला तो मोताळ्याकडच्या एका मालकाच्या जोडीत. अंगावर झूल होती आणि तो चांगलाच भरला होता. ती जोडी आमच्यापेक्षा जोरात होती, ते शेंबड्या पोरालाही कळत होतं. दादा माझ्याजवळ आले, माझी टोपी नीट केली आणि म्हणाले, “तुह्या जागेवर उभा राय. हौश्या आला का आवाज दे.”

मी दिला. वर्षभर साठवलेला आवाज होता, जरा जास्तच निघाला. हौश्याचा कान वळला, मग मान वळली, मग तो सगळाच वळला. जोडीदाराला ओढत, पट सोडून, माणसांच्या भिंतीतून तो सरळ माझ्याकडे आला आणि ओलं नाक माझ्या सदऱ्यावर टेकवून उभा राहिला. त्याच्या मालकाने धावत येऊन पराणी उलटी धरली आणि त्याच ओल्या नाकावर मारत सुटला. हौश्याने नाक काढलं नाही. माझ्या सदऱ्यावर रक्त आणि शेंबूड. मागे दादा इतके हसत होते की त्यांना खोकला लागला. त्या दिवशी आमचा नंबर आला आणि दादांनी मला जिलबी घेऊन दिली. जिलबी कढईतून नुकतीच काढलेली होती. मी ती सगळी खाल्ली.

आता जपान. मंगेश, माझा मुलगा, टोकियोपासून तासाभराच्या अंतरावर राहतो. सून पल्लवी अकोल्याची, शहाणी पोरगी. नात जुई, तेव्हा तिसरीत. घर इतकं लहान की कुणी शिंकलं तर सगळ्यांनी सरकायचं. मला त्यांनी जुईच्या खोलीत ठेवलं आणि जुई आईबापाजवळ झोपू लागली. ‘आबांना आवडलं तर ते इथेच राहतील’ असं मंगेशने तिला सांगितलं होतं. मी तेव्हापासून सगळं आवडून घेत होतो. भात गोड लागला तरी आवडला, मिठाशिवायची भाजी आवडली, बोलायला कुणी नसणं आवडलं.

जुईला क्रीडा दिनाची धडकी भरली होती. त्यांच्याकडे वर्गातलं प्रत्येक मूल रिलेत पळतं, कुणाला वगळत नाहीत. पळण्यात जुई कच्ची. वर्ग हरला तर आपल्यामुळे हरणार, या काळजीने तिचं जेवण कमी झालं होतं. पल्लवी म्हणाली, “बाबा, तुम्ही घेता का हिचा सराव?” मला तेवढंच हवं होतं. रोज संध्याकाळी आम्ही नदीच्या बांधावर जायचो. तिथलं गवतसुद्धा कातरलेलं, नदीसुद्धा आखून दिल्यासारखी. पण पोरगी पळायला लागली की धाप तीच, घामेजलेल्या मानेचा वास तोच. तिला दोन-तीनदा पळवून मी तिची जागा हेरली. सरळ रस्त्यावर ठीक, वळण संपताना ढिली. मी वळणापाशी उभा राहिलो आणि आवाज दिला. “हुर्र जुईऽऽ, हाण हाण हाण!” ती हसत सुटली आणि हसता हसता अशी पळाली की तिचं तिलाच नवल वाटलं. सोबत तिला आमची बोलीही शिकवली. मले, तुले, काऊन. ‘काऊन’, म्हणजे का, तिला फार आवडला. दिवसभर आईला विचारायची, भात काऊन, शाळा काऊन, पाऊस काऊन. मंगेश आता घरातही पुस्तकी मराठी बोलतो. तो कपाळाला आठ्या घालायचा. मी त्या पोरीसाठी जीव टाकला होता, हे लिहायला मला लाज वाटत नाही.

आदल्या दिवशी तिने शाळेची टोपी धुऊन वाळत घातली, एका बाजूने लाल, उलटी केली की पांढरी. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आबा, उद्या ओरडू नका हं.”

“हाव,” मी होकार दिला, पण मनावर घेतलं नाही. आमच्याकडे पोरं लाजून असं म्हणतातच. आईला म्हणतात शाळेत येऊ नको, आणि आई आली नाही की रडतात.

मैदानावर निळ्या ताडपत्र्या अंथरून घरंच्या घरं बसली होती. जागा धरायला मंगेश पहाटे जाऊन आला होता. चुन्याच्या रेघा आखलेल्या, रेघांबाहेर दोरी, दोरीबाहेर माणसं. लाउडस्पीकरवर सारखं तेच ते नाचरं संगीत. डब्यांतून व्हिनेगर घातलेल्या भाताचा आंबूस वास. पट म्हटला की जिलबी, धूळ, शिव्या आणि एखादी मारामारी. इथे पडलेला कागदसुद्धा कुणीतरी उचलून खिशात घालत होतं. माणसं ओरडत होती, नाही असं नाही, पण दोरीच्या आत एकाचाही पाय नव्हता. एक पोरगा पडला, गुडघा फुटला, त्याची आई तीन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने टाळ्या वाजवल्या. तो रडत उठला, पळाला. मी मंगेशला म्हटलं, “हे कोन्ती माय हाय रे?” तो म्हणाला, “बाबा, हळू.”

तिसरीची रिले लागली तेव्हा मी लघवीला जातो म्हणून उठलो आणि वळणापाशी गेलो. फक्त उभा राहणार होतो. तिची जागा होती ती, तिथे घरचं माणूस नको? जुईच्या हातात काठी आली तेव्हा तिचा वर्ग तिसरा होता. काय पळाली पोरगी! लहान तोंड घट्ट मिटलेलं, टोपीचा पट्टा हनुवटीत रुतलेला. पुढच्या मुलीच्या पाठीशी आली. आणि वळण संपताना, अगदी तिथेच, तिचे पाय जड झाले.

मी आवाज दिला. सगळ्या मैदानात लाउडस्पीकरच्या वर गेला, इतका. दोरी कधी ओलांडली ते मला माहीत नाही, मी रेघेच्या आत होतो, तिच्या शेजारून पळत होतो, “हुर्र जुईऽऽ, हाण, हाण!”

तिची मान वळली. तिने मला पाहिलं आणि ती थांबली. पडली नाही, अडखळली नाही, थांबली. काठी धरलेला हात आणि रिकामा हात, दोन्ही कानांवर ठेवून रेघेच्या मधोमध उभी राहिली. मागच्या मुली एकेक करून बाजूने निघून गेल्या. मी म्हणत होतो, “पय वं, पय!” ते नाचरं संगीत तेवढं चालू होतं. मग एक तरुण बाई, तिची टीचर असावी, आली. तिने मला काही म्हटलं नाही, जुईच्या पाठीवर हात ठेवला आणि तिला चालवत पुढच्या मुलापर्यंत नेलं. तो हात पुढे करून वाट पाहत होता. पळायला आता काही उरलं नव्हतं, तरी तो जीव तोडून पळाला.

त्या वर्गातल्या एकाही पोराने जुईला शिवी दिली नाही. आमच्याकडे दिली असती, झिंज्या उपटल्या असत्या आणि दुसऱ्या दिवशी विसरली असती. इथे सगळी लाल टोपीतली पोरं रांगेत रडत बसली आणि रडता रडता एकेक जण येऊन तिला काहीतरी चांगलं सांगून जात होता. पल्लवीने सांगितलं, ‘काळजी करू नकोस’ म्हणताहेत. प्रत्येकाच्या त्या चांगल्या शब्दागणिक जुई खांद्यात मान घालत होती. मारलेलं परवडलं असतं.

आणि माझा मुलगा वाकला. आधी टीचरपुढे, मग शेजारच्या ताडपत्रीपुढे, मग तिच्या शेजारच्या. कमरेतून, खाली बघत, एकेका घरापुढे. समोरचे लोकही वाकत होते, हसतमुखाने. दादा तहसीलदारापुढेही कधी वाकले नाहीत. मला मंगेशची लाज वाटली आणि त्याला माझी. परत येऊन तो बसला आणि कितीतरी वर्षांनी आपल्या बोलीत बोलला, “तुमाले सांगतलं होतं ना, बाबा!” मला बरं वाटलं ते ऐकून. चिडला का होईना, माझ्या घरचा वाटला.

संध्याकाळी मी जुईच्या खोलीत, म्हणजे माझ्या खोलीत, बसलो होतो. ती दप्तर घ्यायला आली. मी म्हटलं, “जुये, मी तुयासाठीच धावत आलतो वं. तिथंच तू ढिली पडतं, म्हणून.”

ती दाराशी थांबली. रडून झालेलं होतं. शांतपणे म्हणाली, “आबा, तुम्ही काऊन आले?”

मी शिकवलेला शब्द होता आणि तिने अगदी बरोबर वापरला होता. जपानात काऊन आले, की मैदानात, हे मी विचारलं नाही. तिला दोन्हीचं उत्तर हवं होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. ती दप्तर घेऊन गेली. मंगेशला माझं परतीचं तिकीट त्याच आठवड्यातलं मिळालं.

मला अजूनही वाटतं, मी चुकलो नाही. पोरगी ढिली पडत होती आणि तिच्या जागेवर घरचं माणूस उभं होतं. दोरीच्या बाहेर उभं राहून टाळ्या वाजवायच्या असतील तर मग घर कशाला हवं? हे मी निंबाला सांगतो, भाजीवाल्याला सांगतो, एकदा बँकेतल्या पोरीला सांगितलं. सगळे हो म्हणतात. जपानात कुणी विचारत नाही.

आज बैलांचा सराव संपत आला होता. ऊन उतरलं होतं, ताज्या शेणाचा वास खाली बसला होता, पोरं जोड्या सोडत होती. मोबाइल वाजला. मंगेशने व्हिडिओ पाठवला होता. तेच मैदान, त्याच रेघा, तेच संगीत. यंदाचा क्रीडा दिन काल होऊन गेला होता. मला कुणी सांगितलं नव्हतं. मी चष्मा पुसला. जुई उंच झालीय. हातात काठी आली आणि ती सुटली. वळण संपताना मी इथे निंबाखाली श्वास धरला. तिथे कुणी नव्हतं, रिकामी दोरी होती. ती ढिली पडली नाही. उलट तिथेच तिने पुढच्या मुलीला गाठलं. मी ते चार वेळा पाहिलं. चारही वेळा तिथेच गाठलं.

मग मीच फोन लावला. जुईने उचलला.

“कशी पयाली वं! मी पाह्यलं.”

“हो ना!” ती खूष होती. “पहिला नंबर आला आमचा. सगळ्यांनी मला उचललं.”

“वळनावर ढिली नाही पडली तू.”

“नाही. या वेळी भीतीच नव्हती ना,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तो केव्हाच गेला होता. विचारलं त्याचं उत्तर दिलं, इतकंच. मागे मंगेशचा आवाज आला, हळू काहीतरी सांगत होता, आणि ती जपानीत त्याला ‘काय झालं?’ असं काहीतरी म्हणाली.

मला विचारायचं नव्हतं. दादा असते तर त्यांनी मुलाकडे असलं काही मागितलं नसतं. पण अंधार पडायला लागला होता, घरी फ्रीज होता, आणि मी विचारलं. “पुढच्या साली मी येऊ का वं, तुले पाहाले? बसून राहीन. दूर.”

ती विचार करत होती. माझं मन दुखू नये असं काहीतरी ती मनापासून शोधत होती, हे मला इतक्या लांबून कळलं. आणि तिला ते सापडलं.

“येऊ नका, आबा, किती लांब पडतं तुम्हाला,” ती मायेने म्हणाली. “मी दर वर्षी व्हिडिओ पाठवेन ना.”

“पाठव,” मी म्हटलं.